जैनाबादच्या काकींची मोटर

मी आठवीत शाळा सोडलेली. कोल्हापूरकडून बुऱ्हाणपूरला येऊन शनवारा भागात अर्ध्या शटरचं दुकान भाड्यानं घेतलं आणि जळालेल्या मोटरी भरून द्यायला, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायला लागलो. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या जैनाबाद गावच्या एक काकी. त्यांच्या केळीच्या बागेत कामाला गेलो की जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. परक्या गावात कुणी ताट वाढलं की माणूस जरा जास्तच गोड वागायला लागतो. माझं तसंच झालं होतं.

त्या उन्हाळ्यात मी भरून दिलेली त्यांची मोटर महिन्याच्या आत पुन्हा जळाली. काकी मुलाला घेऊन दुकानात आल्या.

"मागचं बिल पूरं दिलं होतं, भाऊ. आता फुकट भरून दे. केळी माना टाकायला लागली."

"काकी, आधी उघडून तर बघू."

"उघडा. पण कामात खोट निघाली तर पूऱ्या बाजारात सांगीन, हां," मुलगा म्हणाला.

मी पान्यानं मोटरीचे नट सोडवायला लागलो. माझंच काम कच्चं निघालं, तर शनवाऱ्यात माझ्याकडे दुसरी मोटर कोण आणणार? उघडली, तर काही कॉइली जळून काळ्या आणि बाकीच्या मी भरल्या तशाच. विजेच्या तीनपैकी एक फेज गेली आणि मोटर तशीच चालत राहिली की असं होतं. मी ते दाखवलं.

मुलगा खाली बघायला लागला. फेज गेली की मोटर बंद करणारी एक डबी स्टार्टरमध्ये असते. ती सारखी मोटर बंद पाडते म्हणून मधे तार जोडून ती निकामी केली होती, हे त्यानंच कबूल केलं.

"म्हणजे खोट आमच्याच घरात," काकी म्हणाल्या आणि कमरेची पिशवी सोडली. "किती झाले?"

वाद मी जिंकला होता. पण ती तार मला आधीच ठाऊक होती. मागच्या वेळी मोटर बसवायला गेलो तेव्हाच पाहिली होती. मग त्यांच्याच ओट्यावर बसून जेवलो, आणि ज्यांचं खातोय त्यांच्या पोराची चूक कशी काढायची, म्हणून बोललो नाही.

"काकी, मजुरी राहू द्या. तांब्याचे तेवढे द्या. मी पाहिलं होतं ते."

"कधी?"

"बसवायला आलो तेव्हा."

त्यांनी नोटा मोजणं थांबवलं. "मग जेवताना काय मूग गिळले होते?"

मुलगा हसला. मला हसू आलं नाही. त्यांनी तांब्याचेच पैसे दिले. तोवर बागेचं जे काही गेलं, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

भरलेली मोटर पुन्हा बसवायला गेलो तेव्हा मुलाच्या देखत आधी ती तार काढली. बांधाकडची केळीची पानं करपून लोंबत होती. मी तिकडे पाठ करून काम केलं. तरी काकींनी ताट वाढलंच.

"आता काही दिसलं तर सांगत जा रे. भाजीत मीठ जास्त झालं तरी सांग."

भाजी खारट होती. मी म्हणालो, छान झालीय.