कोडोलीचा गळ आणि खाडीतला चोणक

आमचे मेव्हणे सर्जेराव कोडोलीचे. ऊस आहे, म्हशी आहेत आणि मिसरूड फुटायच्या आधीपासून हातात गळ आहे. वारणेच्या कुठल्या डोहात मरळ बसते, हे ते घरात बसून सांगतात. दिवाळी झाल्यावर एका दुपारी ते आमच्या कोल्हापूरच्या घरी आले आणि चहाचा कप हातात घेतानाच म्हणाले, "दाजी, नाव घातलंय."

"कशात?"

"खाडीतल्या गळाच्या स्पर्धेत. मालवणाकडं. संगं एक साक्षीदार लागतोय, मोबाईलवर चित्रण करणारा. तुमी पेपरात लिवता, तुमास्नी येईलच की."

लिहिणाऱ्याला चित्रण येतंच, हा युक्तिवाद माझ्या बायकोला ताबडतोब पटला. भाऊ एकटा खाऱ्या पाण्यात उतरणार म्हटल्यावर तिला कुणीतरी सोबत हवंच होतं. मला मासा खाता येतो, धरता येत नाही. तरी गेलो, आणि गेलो ते बरं झालं.

शनिवारी पहाटे निघालो. राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट हा रस्ता आम्ही निवडला. गळीत हंगाम सुरू असल्यानं राधानगरीपर्यंत उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात. घाई असेल तर अंधार असतानाच निघा. दाजीपूरच्या जंगलात धुकं होतं आणि रस्त्याकडेला एक गवा आमच्या गाडीकडे कंटाळून बघत उभा होता. घाट उतरला की हवा एकदम दमट होते, स्वेटर मागच्या सीटवर जातो. फोंड्यात गरम उसळ-पाव खाल्ला. तिथून कणकवलीवरून खाडीकाठ जेवणाच्या आधी गाठता येतो. पेट्रोल दोघांत वाटून घेतलं तर एसटीपेक्षा फार महाग पडत नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. चांगल्या जागेचं नाव गळवाले कधीच उघड करत नाहीत, आणि आमच्या वाटाड्यानं तेवढी एकच अट घातली होती.

वाटाड्याचं नाव बाबल. पस्तिशीचा, काटक, उन्हानं काळा पडलेला आणि बडबडीत कुणाला हार न जाणारा. पूर्वी घरचीच जाळी ओढायचा. आता पर्यटकांना गळ टाकायला खाडीत नेतो, घरातल्या दोन खोल्या भाड्यानं देतो. राहणं आणि दोन वेळचं जेवण धरून माणशी बाराशे रुपये. सोलकढी मागाल तेवढी. "ह्या खाडयेतलो पयलो गाईड मी, आनि शेवटचोय मीच," असं त्यानं आम्ही गाडीतून उतरायच्या आतच सांगितलं. दुपारी सरावाला म्हणून त्यानं आम्हाला तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांशी नेलं आणि "हयसर तांबोशी उड्यो मारतत" म्हणाला. एकाही तांबोशी माशानं उडी मारली नाही. परतताना तो वाऱ्याला शिव्या देत होता.

रात्री जेवताना खरी गोष्ट कळली. बाबलचे काका, जगूकाका, शेजारच्या घरातून येऊन ओसरीवर बसले. वाडीतली सगळ्यात मोठी जाळी त्यांची.

खाडीच्या मुखाशी वाळूचा एक लांबलचक पट्टा आहे. भरतीला त्यावर गुडघा-मांडीभर पाणी चढतं, ओहोटीला तो उघडा पडतो. भरतीबरोबर चोणकासारखे मोठे मासे तिथं खेकडे, कोळंबी खायला येतात. वर्षानुवर्षं त्या पट्ट्याला आडवी जाळी लागत आली. गेल्या वर्षी बाबलनं वाडीच्या बैठकीत भांडून एक वर्षापुरती जाळी बंद करून घेतली. मोठा मासा परत येतो, तो बघायला माणसं येतात, हे दाखवून देतो म्हणाला. ते वर्ष आता संपत होतं.

"उद्या तुमची स्पर्धा," जगूकाका म्हणाले. "पट्ट्यावरचो एक मोठो चोणक स्पर्धेच्या फळ्यार चढलो तर आनि एक वर्स जाळी भायर. नाय चढलो तर सोमवारी बैठक, मंगळवारी माझी जाळी पाण्यात. ठरलेला आसा."

"आनि बाकीचे सगळे होडयेवाले तिवरांकडे जातले," बाबल म्हणाला. "पट्ट्यावर माझीच एक होडी."

सर्जेरावांनी हातातला घास खाली ठेवला. "म्हंजी समदं आमच्यावर?"

"तुमच्यार नाय, पावण्यानू. चोणकार."

"आनि धरून सोडतत!" जगूकाका माझ्याकडे वळले. "आमी कालवणात घालतो. हे फोटो काढून पापी घेऊन सोडतत. असो येडेपणा कोल्हापुरात चलता?"

"आमच्यात त्यापेक्षा मोठं येडेपण चालतंय, काका," सर्जेराव म्हणाले, "पर मासा सोडत न्हाय कोण, हे खरं."

स्पर्धेचे नियम सोपे आहेत. जिवंत आमिष नाही, फक्त नकली. मासा लागल्यापासून सोडेपर्यंत साक्षीदारानं न थांबता चित्रण करायचं. मासा पाण्यातच धरून, ओल्या मापपट्टीवर ठेवून लांबी घ्यायची आणि तो पोहत गेला पाहिजे. कोरड्या वाळूला किंवा होडीच्या फळीला लागला तर बाद, कारण अंगावरचा बुळबुळीत थर गेला की मासा नंतर कुठंतरी जाऊन मरतो. हे संयोजकांनी आम्हाला दोनदा सांगितलं. सर्जेरावांनी दोन्ही वेळा मान हलवली.

रविवारी सूर्य वर आल्यावर भरती पट्ट्यावर चढू लागली. बाबलनं इंजिन लांबच बंद केलं आणि मागं उभा राहून बांबूनं होडी रेटायला लागला. अर्धा तास कुणी बोललं नाही, बाबलसुद्धा. पाणी काचेसारखं होतं आणि खालच्या वाळूवरच्या लाटांच्या सुरकुत्या दिसत होत्या. मला एवढंच दिसत होतं. बाबलला बरंच काही दिसत असावं, कारण तो एकदम कुजबुजला, "अकरा वाजता!"

"अकराला लई येळ हाय की अजून," सर्जेराव म्हणाले.

"तसा नाय वो! होडयेचा टोक बारा. त्येच्या डाव्या अंगाक अकरा. थंय सावली बघा!"

सर्जेरावांनी बघेपर्यंत सावली गेली होती. बाबलनं कपाळावर हात मारला. मग आम्ही पाण्यात उतरलो. इथं एक सूचना: जुने कॅनव्हासचे बूट न्या, कालवांच्या शिंपा पाय कापतात. आणि पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत चला. वाळूत पाकट बसलेली असते, तिच्या शेपटीचा काटा विषारी असतो. पाय घासत गेलं की ती आधीच निघून जाते.

"घासत? नव्या नवरीगत?" सर्जेरावांनी विचारलं.

"नवरी म्हना, काय म्हना. दवाखानो लांब आसा."

मग बराच वेळ ते दोघं पुढं आणि मी मोबाईल उंच धरून मागं, असे घासत चाललो. भरती पुरी झाली, पाणी थबकलं आणि उलटं वाहू लागलं. पट्ट्याची पाठ हळूहळू पाण्याबाहेर येऊ लागली. बाबलचा चेहरा उतरत होता. तेवढ्यात वाळूत रोवलेल्या एका जुन्या लाकडी मेढीजवळ पाणी फुगलं. बाबलनं बोट दाखवलं. सर्जेरावांनी नकली मासा अलगद पलीकडे टाकला आणि दोन झटके देत ओढला. पाण्यात परात आपटल्यासारखा आवाज झाला.

"लागला! दाजी, लागला!"

चोणक पाण्याबाहेर उडाला. तोंड उघडं, कल्ले ताठ, उन्हात रुपेरी. सर्जेरावांच्या हातातला रॉड वाकून गेला. पुढची झटापट मी मोबाईलच्या पडद्यावर पाहिली, त्यामुळे नीट आठवत नाही. आठवतो तो बाबलचा आवाज. "सैल सोडा! आता ओढा! आता काय करू नकात!" आणि सर्जेराव घामेघूम होऊन, "व्हय, व्हय," म्हणत होते. मासा दमला, कुशीवर वळला. बाबल मापपट्टी भिजवून त्याच्याकडे पाय घासत निघाला.

आणि सर्जेराव मागं सरकू लागले.

वारणेच्या काठावर असंच करतात. मासा दमला की रॉड उभा धरायचा आणि पाठमोरं चालत काठ चढायचा. मासा आपोआप वर येतो. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. डोकं चोणकात होतं, पाय कोडोलीत.

"थांबा! पाणी सोडू नकात! थांबा मेल्यानू!"

बाबलची ती हाक त्यांच्यापर्यंत पोहोचली तेव्हा ते कोरड्या वाळूवर उभे होते आणि चोणकही. म्हणजे आडवा पडून, शेपटी आपटत, अंगभर वाळू.

बाबल धावला. त्या वेळी त्यानं पाय घासले नाहीत. मासा उचलून पाण्यात नेला, प्रवाहाकडे तोंड करून धरला, शेपटीजवळ एक हात, पोटाखाली एक. वाळू धुऊन निघाली. कल्ले हलत नव्हते, मग हलले. तो त्याच्याशी काहीतरी बोलत होता, शिव्याच असाव्यात, पण मऊ आवाजात. शेवटी चोणकानं अंगाला एक पीळ दिला, बाबलच्या तोंडावर पाणी उडवलं आणि खोल पाण्याकडे निघून गेला. माप घ्यायचं राहिलंच. तसंही त्याचा उपयोग नव्हता.

सर्जेराव वाळूवरच बसले होते. "माज्या पायांनी घात केला," एवढंच म्हणाले.

होडीत थोडा वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "दाजी, ते वाळूचं चित्रणात आलंय?"

"सगळं आलंय."

ते बाबलकडे बघायला लागले. त्यांच्या मनात काय चाललंय ते बाबलला कळलं. "लपवूचा नाय," तो इंजिनचा दोर ओढत म्हणाला. "लपवलात तर पुढल्या वर्सा माझ्या होडयेत बसू नकात. ह्या धंद्यात गाईडचो शबुद गेलो की सगळा गेला."

"पर तुमचा पट्टा?"

"पट्टो माझ्या बापाशीचो नाय."

हे त्यानं धीरानं म्हटलं असं मला वाटलं होतं. पण जेट्टी येईपर्यंत त्यानं मागं वळून पट्ट्याकडे किती वेळा पाहिलं ते मी बघत होतो.

जेट्टीवर सर्जेरावांनी मोबाईल संयोजकांच्या हातात द्यायच्या आधीच सांगून टाकलं, "वाळूला लागलाय. चूक माजी. गाईड वरडत हुता." फळ्यावर त्यांच्या नावापुढं भोपळा आला. पहिलं बक्षीस तिवरांतून तांबोशी काढणाऱ्या एका बेळगावकराला मिळालं. त्यानं चित्रण बघून सर्जेरावांना मिठी मारली, "पावणं, असा मासा मी जलमात बघितला नाही" म्हणाला, आणि स्वतःच्या डब्यातला एक नकली मासा त्यांच्या खिशात घातला. तिथं जमलेले हे गळवाले वर्षातून दोन-तीनदा भेटतात. कुणी दुकानदार, कुणी शिक्षक, कुणी रिक्षावाला. जिंकलेल्यापेक्षा सुटलेल्या माशाचीच गोष्ट ते जास्त ऐकतात. आमच्याभोवती गर्दी होती.

त्या गर्दीत मागून जगूकाका आले.

"कोल्हापूरकरांनी मासो चालवून काठार आणलो म्हनतत!" ते मोठ्यानं हसले. "दाखवा बघू."

मी चित्रण लावलं. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला, उडी पाहिली, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदा त्यांनी पडद्यावरच्या लाकडी मेढीवर बोट ठेवलं. "ही माझ्या जाळ्याची मेढ. मीच मारलेली." मग त्यांनी बोट उडालेल्या माशावर सरकवलं. "एवढो चोणक ह्या मेढीकडे मी तरणो होतंय तेव्हा बघलेलो."

"मग काका?" बाबलनं विचारलं.

"मग काय? फळ्यार खंय आसा? फळ्यार भोपळो." मोबाईल माझ्या हातात देऊन ते निघून गेले.

सोमवारी सकाळी आम्ही परतलो. बाबलच्या घरून कोकमाचं आगळ आणि डब्यात बांगड्याचं तिखलं मिळालं. त्याचे पैसे घ्यायला कुणी तयार होईना. घाट चढलो. राधानगरीच्या अलीकडे सर्जेराव म्हणाले, "मासा जित्ता गेला, हे लई झालं." थोड्या वेळानं, "त्या माणसाची मातर वाट लागली."

मंगळवारी दुपारी बाबलचा फोन आला. सर्जेराव दूध घालून आमच्याकडेच आले होते, म्हणून मी आवाज मोठा केला. बैठक रात्री उशिरापर्यंत चालली होती. जगूकाकांनी आधी कोल्हापूरकरांची यथेच्छ टर उडवली, फळ्यावर नाव नाही म्हणजे शर्त हरलास, असं बाबलला सुनावलं. मग म्हणाले, खाडीकडचा अर्धा पट्टा माझा, तिथं जाळी लागणार. समुद्राकडचा अर्धा, मेढीपासून पुढचा, एक वर्ष मोकळा. मेढ मी स्वतः उपटून टाकतो.

"अर्धो तर अर्धो," बाबल म्हणाला. आवाज थकलेला होता, पण बडबड सुरू झाली होती. "समुद्राकडचोच चांगलो. काकाक ठाव आसा, त्येनी मुद्दाम तो सोडलो. तोंडान कबूल करूचो नाय."

सर्जेरावांनी फोन माझ्या हातातून घेतला. "बाबल, पुढल्या साली आमी येतोय. एक गोष्ट करा, मला काठापासनं लांब हुबा करा."

"बांधून घालतंय!" पलीकडून उत्तर आलं.

या सहलीतून सांगण्यासारखं काय उरलं, असं मित्रांनी विचारलं. मासा घरी आला नाही, बक्षीस आलं नाही. एक मालवणी माणूस आमच्या चुकीपायी अर्धं हरला आणि तरी त्यानं आम्हाला डबा बांधून दिला. ज्याची जाळी, तोच स्वतःची मेढ उपटायला तयार झाला. असं वागणं चार दिवसांत दोनदा बघायला मिळणं ही मी नशिबाची गोष्ट समजतो.

आज इथं लिहीत असताना तिकडे भरती असेल. समुद्राकडच्या त्या अर्ध्या पट्ट्यावर पाणी चढत असेल आणि त्याच्या वाटेत जाळं नसेल. आमचा चोणक कुठं आहे कुणाला ठाऊक. यायचं असेल तर त्याला जागा आहे.