बैठकीतला नारळ

बाळांनो, तुमच्या शाळेत म्हणे भांडणं मिटवायचा तास असतो, आणि परवा तुम्ही फोनवर मला विचारलंत की आजीला हे जमतं का. विचारताना तुम्ही दोघं एकमेकांच्या हातातून फोन ओढत होतात, म्हणून उत्तर लिहून पाठवते.

मुंबईला एका कार्यशाळेत मी शिकले होते: सगळ्यांनी गोल बसायचं, ज्याच्या हातात ठरलेली वस्तू त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्यानंतर दर महिन्याला मी महाडहून एसटीने पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत बैठक घ्यायला जाऊ लागले. पहिल्या दिवशी वस्तू म्हणून मी शाळेत शिकवताना वापरायचे तो लाकडी रूळ नेला. तो पाहून बायकांनी हात पदराखाली घेतले. मग देवळातला एक नारळ उचलून मी फिरवायला दिला.

त्या दिवशी विषय एका एकट्या राहणाऱ्या बाईचा होता. तिच्या नवऱ्याचं बांधावरून गावकीशी वाजलं होतं. नवरा गेला, तरी शिमग्यात देवाची पालखी तिच्या दारावरून सरळ पुढे जाई. ती मात्र दरवर्षी अंगण सारवून, आरतीचं ताट घेऊन उभी राही. गावकीतले एक थोरले सांगत, खांदेकरी काय करणार, देवच तिकडे वळत नाही.

नारळ फिरू लागला आणि बैठक मुकी झाली. एरवी एकाच वेळी चौघं बोलणारी ही माणसं नारळ तापल्या तव्यासारखा पुढे ढकलत होती. माझी पद्धत फसली असं मी मनाशी ठरवून टाकलं. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या एकीने कानात सांगितलं, की नारळ हातात धरून बोललं की ते देवापुढचं गाऱ्हाणं होतं, त्यात खोटं, इकडचं तिकडे चालत नाही. मी घाईने नारळ परत मागणार, तर तो त्या थोरल्यांच्याच हातात पोचला होता.

त्यांनी नारळ दोन्ही हातांत नीट धरला.

"देव वळत होता," ते म्हणाले. "आमीच खांदा आडवा लावत होतो. देवाचा दोष नाय."

त्या बाईने शिस्तीत नारळ आपल्याकडे येईपर्यंत वाट पाहिली. माझ्या वर्गातल्या मुलींनाही इतकी शिस्त कधी लागली नव्हती.

"इतकी वर्सा देवावर ढकललात, भावजी," ती म्हणाली. "तो बिचारा बोलत नाय म्हणून बरं हाय."

पहिले हसले ते थोरलेच. मग बाकीच्यांना धीर आला. आणि ती मात्र पदराने डोळे पुसत होती.

त्या शिमग्याला पालखी तिच्या अंगणात आली, नाचली, आणि तिने ओवाळली.

वाडी शहाणी झाली असं समजू नका. पाण्याच्या पाळीवरून अजून भांडतात, मुंबईकर आले की जास्तच. पण महिन्याची बैठक अजून भरते, आणि पालखी दर शिमग्याला तिच्या दारी थांबते.