मी म्हणाले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझी बायको म्हणजे जिला मी डाळीत मीठ कमी पडल्याची हकीकतसुद्धा अर्धा तास ऐकवतो. तेव्हा विचार करा.

तुम्ही ख्रिस्ती असाल तर साक्ष म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. नसाल तर ऐका. उपासनेत एखादा उठतो, मंडळीपुढे उभा राहतो आणि देव आपल्याला कसा भेटला ते सांगतो. आपल्याला, बरं का! शेजाऱ्याला भेटलेला चालत नाही.

माझी साक्ष गाजलेली होती. फुशारकी मारत नाही — बरं, मारतोच आहे. इगतपुरीला बोलावणं, घोटीला बोलावणं, नाशकात तर विचारूच नका. आवाज कुठे खाली आणायचा, रुमाल कधी काढायचा, सगळं बसलेलं. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. एका पाळकसाहेबांनी तर माझ्यानंतर स्वतःचा संदेश पाच मिनिटांत उरकला. मजा यायची. खोटं कशाला बोलू? फार मजा यायची.

साक्ष अशी होती. वडील गेले त्या आठवड्यात नाशकात द्वारका चौकातल्या माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी दुपारचा एकटा बसलो होतो. देवावर रागावलेला. मिसळलेले नटबोल्ट निवडत होतो. आणि एकदम कळलं, दुकानात कुणीतरी आहे. उजेड नाही, आवाज नाही. कुणीतरी माझ्याबरोबर गप्प बसलंय, एवढंच. आणि मी मान वर न करता म्हणालो, "आलास? मग बस."

इथे मी थांबायचो. मनात पाचपर्यंत मोजायचो. तोवर मागच्या बाकावरून हुंदका यायचाच.

आता खरं. वडील गेले, हे खरं. दुकान खरं. आणि — बाकी काही नाही. ती दुपार माझी नव्हती.

ती एस्तेरमावशीची. माझ्या आईची धाकटी बहीण, एका दवाखान्यात आया होती. तिची सहा वर्षांची मुलगी तापात गेली. त्यानंतर एका दुपारी ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती, देवाशी बोलणं टाकून. आणि तो आला. आणि तिने त्याला बस म्हटलं. माझे वडील गेले तेव्हा माझी समजूत घालायला तिने हे मला सांगितलं. एकट्या मला. मी काय केलं? दोन महिन्यांत ते व्यासपीठावर नेलं! पुरुषमाणूस तांदूळ निवडताना बरा दिसेना, म्हणून नटबोल्ट घेतले. मुलीच्या जागी वडील बसवले. किती सोपं असतं हे, तुम्हाला कल्पना नाही.

आणि हे तिच्या देखत चाललं होतं. वर्षानुवर्षं. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर ती बसलेली असायची. कधी अक्षर बोलली नाही. मी समजलो, तिला चालतंय. का नाही चालणार? मी तर तिच्या देवाला गावोगाव पोचवत होतो!

मग एका रविवारी जीभ घसरली. सगळं ठरल्याप्रमाणे — आवाज खाली, रुमाल बाहेर — आणि माझ्या तोंडून गेलं, "मी म्हणाले, आलास? मग बस." म्हणाले! म्हणालो नाही. मंडळी खळखळून हसली. पाळकसाहेब हसले, मीही हसलो, मिशीवरून हात फिरवून दाखवला, आणखी हशा. एका कान्याचा फरक. पण तो शब्द मावशीचा होता. तिने सांगितलं तसंच्या तसं माझ्या कानात राहिलं होतं, आणि तेच बाहेर पडलं.

उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर तिने मला गाठलं. चिडली नव्हती, उलट डोळे मिचकावत होती.

"शांतवन, आज माझं लुगडं नेसून उभा राहिलास की रे!"

मी रुमाल खिशात कोंबला. ती म्हणाली, "ते जाऊ दे. तुझ्याकडे कधी आला का तो?"

"आला ना, मावशी."

"मग त्याचं सांग की. माझं कशाला?"

काय सांगणार होतो? दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो. खरंच बसलो. आला तो एक रिक्षावाला, ब्रेकची वायर मागायला. बरेच दिवस बसलो. नंतर कंटाळलो, आणि पुढचं बोलावणं आलं तेव्हा गेलो. तीच साक्ष. फक्त आता 'म्हणालो' नीट जपून म्हणायचो.

एवढंच असतं तर कदाचित मी आजही गप्प राहिलो असतो. चोरी काय, माणूस पचवतो.

गेल्या वर्षी मावशी गेली. अंत्यविधीला पाळकसाहेब म्हणाले, "एस्तेरबाई साध्या, अबोल. त्यांनी मंडळीपुढे कधी साक्ष दिली नाही, पण देवाला सगळ्यांची अंतःकरणं ठाऊक आहेत." मी पहिल्या रांगेत होतो. तिच्या पेटीपासून दोन हातांवर. उठून बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग माझी साक्ष? लोक माझ्याकडे बघत होते, घरचा माणूस म्हणून. मी म्हणालो, "आमेन." मोठ्याने म्हणालो. छान घुमला.

त्यानंतर मी साक्ष देत नाही. घसा बिघडलाय, असं सांगतो.

आता कुणी म्हणेल, शांतवनभाऊ, हा पश्चात्ताप म्हणजेच देवाची भेट, हीच तुमची खरी साक्ष, उभे राहा! हात जोडतो. नाही. माझ्याकडे कुणी आलेलं नाही, आणि आलं म्हणून मी आता सांगणार नाही; तुम्ही सगळे बाकांवर वाट बघत बसलात तरी नाही. माझ्यासाठी प्रार्थना करायला घरी येऊ नका. चहा मिळेल, पण डोळे मिटणार नाही.

मी देवाला ओळखत नाही. एस्तेरमावशी ओळखत होती. तिला मंडळीसमोर अबोल म्हटलं तेव्हा मी आमेन म्हणालो.