नव्या स्टेशनाला जुने डाग

एकतीस वर्षं मी दात बनवत होते. डॉक्टर तोंडात जो दात बसवतात तो आधी कुणीतरी टेबलाशी बसून घडवलेला असतो. वाशीच्या एका लॅबमध्ये ती घडवणारी मी. या कामात दात नुसता सुंदर करून चालत नाही. साठीच्या माणसाला दुधासारखा पांढरा दात बसवला, तर तो हसल्यावर लोक तेवढाच दात बघत राहतात. म्हणून मी हिरडीजवळ जरा पिवळेपणा द्यायची, कडेला चहाची छटा, मधे केसाएवढी एक चीर. शेजारच्या दातांत तो ओळखू येईनासा झाला की माझं काम झालं.

मी रिटायर झाले त्याच वर्षी नवऱ्यानं आगगाडी घेतली. विम्याच्या ऑफिसातून ते दोन वर्षं आधीच सुटले होते. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि कोपरखैरण्याच्या आमच्या फ्लॅटमधली तिची खोली रिकामी पडली. तिथे प्लायवूड टाकून त्यांनी रूळ बसवले. बोटाएवढं इंजिन, तीन डबे, एक गोल फेरी. गाडी फिरायची छान, पण थांबायला जागा नव्हती. मग परदेशातून एक खोका आला. त्यात प्लॅस्टिकचे शंभरेक सुटे भाग होते. ते कापून चिकटवले की स्टेशनाची इमारत तयार होणार होती.

खोक्यावरच्या चित्रातलं स्टेशन बर्फाच्या देशातलं होतं. उतरतं छप्पर, वर धुराडं, प्रत्येक खिडकीखाली फुलांची पेटी. ते आपल्याकडचं करायचं असं नवऱ्यानं ठरवलं. फुलांच्या पेट्या कापल्या. धुराडं कापलं, तर छपराला भोक पडलं. दार बसवताना अंगठा आणि तर्जनी दाराला चिकटली, तेव्हा ते दार हातात घेऊनच स्वयंपाकघरात आले.

"तुमच्या लॅबमध्ये असं झालं तर काय करतात?"

"असं होत नाही," मी म्हटलं आणि नेलपॉलिश काढायचं औषध आणलं. बोटं सुटली, पण त्या औषधानं दार विरघळून वाकडं झालं. नवरा ते फिरवून फिरवून बघत राहिला. मग म्हणाला, "अर्धवट उघडं आहे असं दाखवू."

छपराचं भोकही माझ्याकडेच आलं. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या करतात, तो थोडा माझ्या कपाटात उरला होता. मी त्यानं भोक बुजवून घासून गुळगुळीत केलं. पुढचे दोन दिवस स्टेशनाच्या छपरात हिरडी दिसत होती. रंग दिला की जाईल, असं मी सांगत होते, पण चौथ्या मजल्यावरच्या शेजारीण बाई बघून गेल्या आणि जाताना त्यांनी विचारलं, "हे कुठल्या डॉक्टरांचं क्लिनिक आहे?"

शेवटी रंग लागला. भिंती फिक्या पिवळ्या, दारं-खिडक्या तपकिरी, छप्पर कौलांसारखं लाल. नवरा खुर्ची घेऊन समोर बसला. मी शेजारी उभी राहिले.

"कसं वाटतंय?"

"वाढदिवसाचा केक वाटतोय."

"नुकतंच उद्घाटन झालंय असं समज."

त्यांच्यासारखाच नाद असलेली वाशी-नेरूळकडची चार निवृत्त मंडळी रविवारी स्टेशन बघायला येणार होती. त्यांना द्यायला आंबे हवेत म्हणून शनिवारी सकाळी नवरा एपीएमसी मार्केटला गेला. मी एकटी घरात. माझ्या डोळ्यांसमोर पावसाच्या पाइपाखालची ती कोरी करकरीत भिंत.

खरं सांगते, मला एकच ओघळ काढायचा होता. दाताला चीर द्यायचा सर्वांत बारीक ब्रश घेतला आणि पाइपाखाली फिकट काळपट रेघ ओढली. ती रेघ इतकी खरी दिसली की बाकीची भिंत खोटी दिसायला लागली. मग दुसरा ओघळ. मग जोत्याशी शेवाळ, त्यासाठी सुकलेली चहापूड हिरव्या रंगात कालवली. छपराच्या कडेला काजळी. अर्धी फाटलेली जाहिरात. शेवटी तिकीट खिडकीच्या कोपऱ्यात पानाची पिचकारी, तीही नुसता लाल ठिपका नव्हे, वरून खाली विरत गेलेली. सगळ्यावर पक्कं वॉर्निश मारलं. तेवढ्यात वरणाचा वास आला, म्हणजे ते करपलं होतं.

नवरा आला, आंब्यांची पेटी खाली ठेवली आणि खोलीत गेला. थोड्या वेळानं मी डोकावले. हातात ओला रुमाल घेऊन ते स्टेशनाची भिंत पुसताना दिसले.

"निघणार नाही ते," मी म्हटलं. "वॉर्निश मारलंय."

"हे थुंकलंय कोण?"

मी हसले. ते हसले नाहीत. रुमालाची घडी घालत म्हणाले, "बाबांच्या स्टेशनात त्या कोपऱ्यात थुंकायची कुणाची हिंमत नव्हती."

सासरे मिरजेकडच्या एका छोट्या स्टेशनावर रूळ बदलणारे सांधेवाले होते, एवढं मला ठाऊक होतं. त्या दुपारी, करपलेलं वरण खाता खाता, बाकीचं कळलं. दिवसाला चार गाड्या यायच्या. मधल्या वेळात सासरे फलाट झाडायचे आणि फलाटाच्या कडेचे दगड दर महिन्याला चुन्यानं रंगवायचे. ते त्यांचं काम नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. नवरा लहानपणी डबा घेऊन जायचा आणि दगड मोजायचा. बावीस होते. पस्तीस वर्षांच्या संसारात हे कधी बोलण्यात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"सकाळी मंडळी यायच्या आत पुन्हा रंग देते," मी म्हटलं.

"राहू दे. आता वेळ नाही."

रविवारी मंडळी आली. आंबे तसेच राहिले. चौघंही गुडघ्यांवर बसून, चष्मे वर करून भिंती बघत होते. त्यातले एक उरणकडचे कोकणी मुसलमान गृहस्थ, मोरा बंदरात मासळीचा व्यापार करून आता तो मुलांच्या हाती सोपवलेले. ते पिचकारीपाशी जे थांबले ते हलेनात.

"काय राव, ही तुमी केली?"

नवऱ्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं. "नाही. हिनं. सगळे डाग हिचे आहेत."

"भाभी, माझ्या रुळांशेजारी एक गोदाम हाय. परदेशी बनावटीचं, एकदम चकाचक. त्यात मासे ठेवलेत असं कोन म्हनेल? जरा घान करून द्याल?"

लॅबमध्ये एकतीस वर्षांत कुणी मला इतक्या आदरानं काम दिलं नव्हतं. बाकीच्या तिघांनीही लगेच आपापल्या इमारती सांगितल्या. एकाचं सिग्नल केबिन, एकाची चाळ, एकाचं पोस्ट ऑफिस.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "ओघळ राहू देत. पावसाला आपण काय करणार. फक्त तेवढी पिचकारी काढ."

दुसऱ्या दिवशी मी तो कोपरा घासून पुन्हा रंगवला. दाताच्या साच्याचं प्लॅस्टर फोडून तांदळाएवढे तुकडे केले आणि फलाटाच्या कडेनं लावायला घेतले. नवरा शेजारी बसून मोजत होता. बावीस झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"थोडे मळवू का? खालून जरासे?" सवयीनं मी विचारलंच.

"नको. आजच चुना लावलाय."

मग त्यांनी गाडी सुरू केली. ती स्टेशनात नीट थांबली नाही, चार बोटं पुढे गेली. त्यांनी ती मागे घेतली. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, सकाळीच उरणहून आलेला गोदामाचा खोका उघडला आणि मासळीचं पाणी भिंतीवरून कसं ओघळत असेल याचा विचार करायला लागले.