शेवटच्या पंगतीचा राजा

सन २०२४. माघाचा शेवटचा आठवडा. थंडी सरली होती, ऊन अजून सोसवत होतं, आंब्याच्या कलमांना वाटाण्याएवढी फळं धरली होती. आमच्या देवळाचा उत्सव तेव्हाच असतो, आणि उत्सवात नाटक. नाटकमंडळीचे किस्से कोणी जमवत नाही. खडकाला कालवं धरतात तसे ते आपोआप धरतात. एक काढायला जावं तर चार हाताला लागतात.

मी तांडेल. जन्मभर मच्छीची बोट चालवली. शाळा चौथीपर्यंत. नाटकात राजा. एवढी ओळख पुरे.

नाटक दरवर्षी एकच. गावातल्याच एका मास्तरांनी कधीकाळी लिहिलेलं. गडाला वेढा पडतो. थोरला राजा वज्रसेन दरवाजे बंद करतो. पायथ्याची माणसं बाहेर राहतात, एकेक करून मरतात. पुढे आतलं धान्यही सरत येतं, राजाही उपासाने जातो. मग धाकटा भाऊ सुमित्रसेन गादीवर येतो. त्याला बाहेरचं रडणं ऐकवत नाही. तो दरवाजे उघडतो. माणसांबरोबर शत्रूही आत शिरतो. पडदा.

वज्रसेन मी. सुमित्रसेन रघू, माझ्याच बोटीवरचा खलाशी.

आता आमची रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव देवळात बसतं आणि दोन्ही राजांचा न्याय करतं. गावाने विचारायचं, राजाने उत्तर द्यायचं. जो दोषी ठरेल त्याने उत्सवाच्या जेवणाला शेवटच्या पंगतीत बसायचं. एकट्याने.

त्या सकाळी गाव धड जागं नसतं. खाडीवरून धुकं देवळात येतं. माझ्या कानामागे रंग राहिलेला असतो. मी तांडेल की वज्रसेन, मलाच नीट कळत नसतं. लाट फुटली तरी वाटतं, वेढा अजून उठलेला नाही.

*

शेजारच्या आनंदीवहिनी एरवी माझ्यासमोर आवाज चढवत नाहीत. त्या सकाळी मात्र सोडत नाहीत. मी राजा झालो त्या पहिल्याच वर्षी उभ्या राहिल्या.

"राजा, कोठारात भात होतं की नव्हतं?"

"होतं."

"मग टोपलीत घालून दोरीने खाली का नाही सोडलंस?"

मी म्हटलं, "ते नाटकात नाही."

"मेल्या, नाटकात नाही म्हणून माणसं मारलीस?"

दोषी!

शेवटच्या पंगतीत माझं एकट्याचं पान मांडलं. तेवढ्यात रघू आला आणि शेजारी बसला. तो निर्दोष. त्याला पहिल्या पंगतीचा मान.

"तू कशाला?"

"भूक आत्ता लागली," म्हणाला.

त्यानंतर दरवर्षी मी दोषी. आणि दरवर्षी रघूला भूक उशिरा लागायची. मी कोणाचं काही ठेवत नाही. हे एक देणं मात्र डोक्यावर चढत गेलं. फेडायचं तर रघू दोषी ठरायला हवा. त्याला कोण दोष देणार? कुत्रीसुद्धा त्याच्या मागून चालतात!

*

एका वर्षी मी उत्सवाच्या कमिटीला सांगितलं, भूमिका बदला. रघू वज्रसेन होऊ दे. मी सुमित्रसेन.

रघू गादीवर बसला. आज्ञा दिली, "दरवाजे बंद करा." पण अशा आवाजात, की जणू घरात मूल झोपलंय. द्वारपाल होता गण्या, तोही माझ्याच बोटीवरचा. तो म्हणाला, "बरं हां, करतो."

मंडप हसून लोळला.

मग मी आलो. हात पसरले. "माझ्या लाडक्या प्रजाजनांनो!" पुढे बसलेली दोन पोरं रडत आईकडे पळाली.

सकाळी गावाचा न्याय. रघूबद्दल म्हणाले, "ह्याला दार लावता येत नाही, हा काय गुन्हा करणार?" निर्दोष.

माझ्याबद्दल कोणी बोललंच नाही. दोषी म्हणून हात तेवढे वर झाले.

शेवटच्या पंगतीत दोघं जेवलो. पुढच्या वर्षी भूमिका पुन्हा होत्या तशा झाल्या.

*

एकदा दाभोळच्या पुढे समुद्र आरशासारखा पडला होता. जाळं टाकून इंजिन बंद केलेलं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं, दिसत नव्हतं. बोट तरंगते की टांगलेली आहे, सांगता येईना.

रघू म्हणाला, "तांडेल, दरवाजा उघडला नसता तर ती माणसं अजून रडत असती."

गण्या काठावर वाकला. बराच वेळ कान देऊन राहिला. मग हळूच म्हणाला, "रडतंय खरं कोणीतरी."

सगळ्यांनी कान दिले. मीही दिला. खरंच येत होता आवाज.

"गप बसा," मी म्हटलं. "दोर करकरतोय तो."

जाळं ओढेपर्यंत दोराला मात्र कोणी हात लावला नाही.

*

तर सन २०२४. रघूची बायको वारली होती. शिमगा झाला की तो मुंबईला मुलाकडे कायमचा जाणार होता. म्हणजे देणं फेडायला माझ्या हातात हा एकच उत्सव.

त्याच वर्षी गावचे जावई शिरीषराव न्यायाला बसले. मूळ गाव पाली. कोल्हापुरात कॉलेजात मॅनेजमेंट शिकवतात. म्हणाले, "राजांना थिअरी लावून बघू. जुन्या, नावाजलेल्या थिअरी आहेत. पहिली. लीडर जन्मावा लागतो."

आनंदीवहिनी म्हणाल्या, "जन्मले तर सगळेच. पुढे बोला, भावोजी."

"दुसरी. वेळ लीडरला घडवते."

"आमच्या घरात वेळ आली नि गेली, हे झोपलेलेच होते!"

"तिसरी. लोकांना राजाची भीती वाटावी की प्रेम वाटावं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. सगळे दुसरीकडे बघू लागले.

"चौथी. एक लीडर काम बघतो, एक माणसं बघतो. दोन्ही बघेल तो खरा."

मग हसणं थांबलं. माणूस हुशार. शांतपणे मांडत गेला. वज्रसेनाने गड राखला. कठोर होता, पण सगळ्यांबरोबर स्वतः उपाशी राहिला. बाहेरची माणसं मेली हा डाग आहेच. पण आतली जगली. सुमित्रसेनाच्या हातून दोन्ही गेली.

ते रघूकडे वळले. "महाराज, दरवाजा उघडताना वाटेवर पहारा ठेवलात?"

"नाही."

"कोणाला विचारलंत?"

"नाही."

"का?"

रघूने धुक्याकडे बघितलं. "विचारलं असतं तर नको म्हणाले असते."

शिरीषराव म्हणाले, "लोकांना आवडणं वेगळं, लोकांना राखणं वेगळं."

पहिला हात आनंदीवहिनींनी वर केला. रघूकडे न बघता. मग एकेक करून सगळ्यांचे वर झाले.

रघू दोषी. मी निर्दोष. जन्मात पहिल्यांदा!

*

पहिली पंगत बसली. कमिटीने मला मानाच्या पाटावर बोलावलं. मी म्हटलं, "नंतर."

दुसरी बसली. शिरीषराव हाताला धरायला आले. "काका, चला ना! तुम्ही सुटलात."

"तुम्ही जेवा."

मी पायरीवर बसून राहिलो. पंगती उठत होत्या, बसत होत्या. ऊन मंडपातून सरकत पलीकडे गेलं. माणसं जेवून घरी गेली. झाडणारी बाई एका टोकाने झाडत आली.

शेवटी एक पान मांडलं. रघू येऊन बसला. मान खाली.

मी उठलो. जाऊन त्याच्या शेजारी बसलो.

त्याने बघितलं. "तांडेल, तुम्ही अजून जेवला नाहीत?"

"नाही."

गण्या भाताचं भांडं घेऊन उभा. माझ्याकडे बघतोय, रघूकडे बघतोय.

"बघतोस काय?" मी म्हटलं. "दुसरं पान आण."

त्याने आणलं. आम्ही जेवलो.