लाडकीचा वाटा

मोखाड्याच्या डोंगराआड बोरीचा पाडा आहे, आठ घरांचा. एका वर्षी त्यातल्या सात घरांची डुकरं मेली आणि लाडकीची तेवढी जगली. तिचा गुन्हा म्हणाल तर एवढाच. पण याहून लहान गुन्ह्यांवरून बायांना पाडा सोडावा लागल्याचं तिनं स्वतः पाहिलं होतं. त्यामुळे आपली डुकरीण, गवरी, कोंड्यावर तुटून पडते आहे याचा आनंद मानावा की धसका घ्यावा, हेच तिला त्या दिवसांत कळेनासं झालं होतं.

लाडकी विधवा. नवरा नवसू वसईकडच्या वीटभट्टीवर गेला आणि तापानं तिकडेच संपला. त्याच्या आधी, जवळच्या वावरला भुकेनं पोरं मेली त्या साली, तिचा दीड वर्षाचा मुलगा गेला. शेवटचे दोन दिवस त्याला स्तन तोंडात धरायचंही बळ नव्हतं. वावरला साहेबांच्या गाड्या तरी गेल्या. बोरीच्या पाड्यापर्यंत गाडी येत नाही, त्यामुळे इथलं पोर कुणाच्या यादीत आलं नाही.

त्यानंतर पाचसहा वर्षांनी एका संस्थेनं पाड्यात घरटी एक पांढरी डुकरीण दिली. लोकांनी ती मागल्या दारी खुंटाला बांधली, पायात दोरी घालून. ती तिथंच खायची, तिथंच घाण करायची आणि त्या घाणीतच लोळायची. डुकराला घाणच आवडते, असं सगळे म्हणायचे. लाडकीनं मात्र पहिले चार दिवस दोरी सोडून नुसतं बघितलं. तिला दिसलं, की जागा मिळाली तर जनावर एकाच कोपऱ्यात घाण करतं आणि झोपायला तिथून लांब जातं. चिखल शोधतं ते उन्हाच्या कहरानं, हौसेनं नाही. मग तिनं ओढ्यातले चपटे दगड वाहून आणले, उताराची फरशी केली, वर पळसाच्या पानांचं छप्पर घातलं, खाली सागाचा वाळका पाला अंथरला. तो ती रोज बदलायची. लोकांना हसायला तेवढं पुरलं. "लाडकीनं गवर बसवली," असं म्हणून त्यांनीच डुकरिणीचं नाव गवरी पाडलं. हसणाऱ्यांचं काय जातं!

जव्हारच्या गुरांच्या दवाखान्यातला तुळशीदास मात्र हसला नाही. तो कंपाउंडर, पण पाड्यात त्याला डाक्तरच म्हणत. गवरी पहिल्यांदा व्याली तेव्हा कूस बदलताना तिच्या अंगाखाली दोन पिलं चेंगरली होती. तुळशीदासनं लाडकीला भिंतीपासून वीतभर पुढं आणि जमिनीपासून वीतभर वर आडवा बांबू बांधायला लावला. आई टेकली तरी बांबूमागच्या फटीत पिलू सुरक्षित राहतं. पुढच्या वेताला एकही पिलू दगावलं नाही. एक मरतुकडं होतं, त्याला दूध ओढता येत नव्हतं. लाडकी दिवसातून दहा वेळा त्याला उचलून आचळाला लावायची, आणि ते चोखायला लागलं त्या दिवशी ती गोठ्यातच बसून ढसाढसा रडली.

ती पिलं विकून झाली आणि गवरी पुन्हा गाभण होती, तेव्हा तुळशीदास बर्फाच्या डब्यात लस घेऊन आला. डुकरांचा ताप जव्हारच्या बाजूला लागला होता. पण पाड्याचा कारभारी ढवळू म्हणाला, "टोचलं का गाभ पडतं. आमच्या डुकरांना नाय टोचायचं." कारभाऱ्याचा शब्द पडला की पाड्यात दुसरा शब्द निघत नाही. लाडकीनं तेवढी गवरी टोचून घेतली. जाताना तुळशीदासनं तिला चुन्याच्या फक्कीची पिशवी दिली आणि बजावलं, "लाडकीबाई, दुसरीकडचं डुकराचं मटण या गोठ्याजवळ येता कामा नये. धुतल्याचं पाणीसुद्धा नाही. आलंच तर खोल पुरा आणि वर चुना टाका."

महिना गेला. ढवळू सासुरवाडीहून लग्नातलं मटण घेऊन आला, आणि त्याच्या बायकोनं, चंद्रानं, ते धुतलेलं पाणी डुकरिणीच्या पुढ्यात ओतलं. आठ दिवसांनी डुकरीण खाईना. कानामागं, पोटावर लाल-जांभळे डाग उठले, मागले पाय लटपटायला लागले. लाडकीनं ते पाहिलं. ती ढवळूच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"काका, ती कापू नका. तिला पुरा. डाक्तर बोलला हाय, ह्यो रोग मटणातून जातो."

"माणसाला होतो?"

"माणसाला नाय. डुकरांना."

"मग?" ढवळूचा आवाज चढला. "पोरांच्या तोंडचा घास मातीत घालू? तू सांगतंस मना? वावरच्या साली आपण कंद उकडून खाल्ले, ईसरलीस?"

लाडकी विसरली नव्हती. ढवळूच्याही दोन नातवंडांना त्या साली मूठमाती दिली होती, आणि अन्न पुरायचं म्हटल्यावर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला यात त्याचं काही चुकलं असं तिला तेव्हाही वाटलं नाही. ती परत फिरली.

त्या दिवशी डुकरीण कापली गेली. पाड्याची रीत अशी, की जनावर कापलं की पळसाच्या पानात बांधून प्रत्येक घरी वाटा जातो. वाटा नाकारणारं घर पाड्याचं राहत नाही. लाडकीच्या दारात वाटा घेऊन ढवळू स्वतः आला. आत पालापाचोळ्यात गवरी होती, तिसऱ्या वेताला टेकलेली. लाडकीनं दोन्ही हात पुढं केले, वाटा कपाळाला लावला आणि म्हणाली, "बरं केलंत, काका."

तो वळणापलीकडे गेल्यावर तिनं घरामागं कमरेइतका खड्डा खणला. पानासकट मटण त्यात ठेवलं, वर चुन्याची फक्की पसरली, माती लोटून दगड ठेवला. तुळशीदासनं सांगितलं त्यात तिनं तसूभर फरक केला नाही. आपण काय करतो आहोत हे तिच्या ध्यानातच आलं नाही. त्या डोंगरात लहान पोरसुद्धा सांगेल, की दुसऱ्याच्या घरचं मांस पानात बांधून, पांढरी पूड टाकून, गुपचूप जमिनीत कोण पुरतं. भुताळी पुरते, चेटूक करणारी बाई. करणी अशीच करतात.

बाकीच्या सहा घरी वाटा धुतला गेला, आणि पाणी सवयीनं डुकरांपुढं गेलं. पंधरा दिवसांत सहाही घरची डुकरं गेली. गवरी मात्र व्याली. सात पिलं, सगळी धडधाकट.

आधी चंद्रानं लाडकीशी बोलणं टाकलं, मग सगळ्या बायांनी. विहिरीवर लाडकी गेली की बाकीच्या हंडे तसेच टाकून लांब उभ्या राहायच्या. एका सकाळी घरामागचा दगड बाजूला सारलेला तिला दिसला. खड्डा उकरलेला होता. चुन्यानं पांढरं झालेलं पानाचं पुडकं कुणीतरी काठीनं उलगडून मांडून ठेवलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. मग पाड्याच्या भगतानं, तुकानं, करणी कुणाची ते बघायला सुपात तांदळाचे दाणे पाहिले आणि नाव घेतलं नाही. एवढंच बोलला, "घर टोकाचं हाय." टोकाचं घर लाडकीचं.

तिनं निरोप धाडला तेव्हा तुळशीदास आला. त्यानं लशीचं सगळं उलगडून सांगितलं. "हिच्या डुकराला टोचलं होतं, म्हणून वाचलं. तुमच्यांना टोचलं असतं तर तीही वाचली असती." माणूस भला, पण नको ते बोलून बसला. ढवळूनं सगळ्यांदेखत मान खाली घातली. नको म्हणणारा तोच होता, आणि डुकरं त्यामुळेच गेली हे आता सात घरांना कळलं होतं. करणी ठरली असती तर त्याच्यावर दोष येत नव्हता. लाडकीनं त्याचा चेहरा पाहिला आणि तिला आधीपेक्षा जास्त भीती वाटली.

दोन महिने ती एकटी राहिली. तुळशीदासनं सातही रिकामे खुंट चुन्यानं धुऊन घेतले, पिलं मोठी झाल्यावर त्यांना टोचून दिलं. मग लाडकीनं तिला सुचली ती एकच गोष्ट केली. वाट्याला कुणी नाही म्हणत नाही. तिनं सात पिलं सात टोपल्यांत घातली, खाली पळसाची पानं अंथरली आणि तिन्हीसांजेच्या आधी एकेक टोपली घेऊन घरोघरी निघाली. एकही स्वतःला ठेवलं नाही. ज्याला तिनं आचळाला लावलं होतं त्या मरतुकड्याचं हे भावंडच की, असं तिच्या मनात येत होतं, तरी तिनं मन घट्ट केलं. प्रत्येक दारात ती सांगत गेली, "बांधू नका, कोरड्यात ठेवा. जगंल."

सगळ्यांनी घेतलं. एकानंही नाकारलं नाही. शेवटचं घर ढवळूचं. चंद्रा चुलीशी बसली होती, तिनं वर पाहिलं नाही. ढवळूनं दोन्ही हात पुढं केले, टोपली कपाळाला लावली.

"बरं केलंस, बाय," तो म्हणाला.

लाडकी अंगणातून बाहेर पडली आणि अर्ध्या वाटेत थबकली. हेच शब्द तिनं स्वतः म्हटले होते, असेच हात पुढं करून, वाटा पुरण्याआधी. ती घरी आली, गोठ्याच्या फाटकाशी उभी राहिली. उजेड अजून पुरता गेला नव्हता. ढवळूच्या घरामागून कुदळीचा घाव ऐकू आला, मग दुसरा. थोड्या वेळानं शेजारच्या घरामागूनही आवाज सुरू झाला. एक पिलू किंचाळलं आणि मध्येच गप्प झालं.

गवरी कान टवकारून त्या बाजूला बघत होती. लाडकीनं फाटकाला आतून अडसर घातला आणि तिच्या शेजारी पाल्यात जाऊन बसली.