आबांच्या अंगणातलं चार्जिंग

आमच्या घरात कुठलीही मोठी वस्तू येण्याआधी नवऱ्याचा हिशोब येतो. फ्रिज घेतला तेव्हा महिनाभर तो दुकानोदुकानी फिरून त्याच्यावरच्या वीजबचतीच्या चांदण्या मोजत होता. तो जळगावात एका पतसंस्थेत नोकरीला आहे आणि मी शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे आकडे त्याचे आणि शब्द माझे, ही वाटणी लग्नापासूनच झालेली आहे. शब्दांचा खर्च फार होतो, अशी त्याची तक्रार असते.

आमची जुनी पेट्रोलची गाडी थकली होती. दर रविवारी आम्ही तिच्यातून धुळ्याला माझ्या वडिलांकडे जायचो. आई गेल्यापासून आबा देवपुरातल्या घरात एकटेच राहतात. जळगावला चला म्हटलं की "देखू" म्हणतात, आणि ते "देखू" म्हणजे काय हे मला लहानपणापासून माहीत आहे. मग आम्हीच जायचो. पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे आणि संध्याकाळी तसंच परत. पेट्रोलचा भाव शंभरी ओलांडून गेला तेव्हा नवऱ्याने एकदा भीत भीत म्हणून पाहिलं, "महिन्यातून दोनदा गेलो तर?" मी फक्त त्याच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तो इलेक्ट्रिक गाड्यांचे व्हिडिओ बघायला लागला.

मग जेवताना, झोपताना, भाजी निवडताना एकच विषय. पेट्रोलला किलोमीटरमागे सात रुपये जातात, घरच्या विजेवर दीड. ऑइल बदलायला नको, फिल्टर नको, क्लच नको. पण गाडी मुळातच महाग, विमा जास्त, टायर लवकर झिजतात म्हणे, आणि पुढे कधीतरी नव्या बॅटरीचा खर्च आ वासून उभा. एक दिवस त्याने निकाल सांगितला. गाडी नुसती गावात फिरवली तर जास्तीचे पैसे कधीच वसूल होणार नाहीत. दर रविवारी न चुकता धुळ्याला गेलो, तरच पाच-सहा वर्षांत वसूल. मला हा हिशोब फार आवडला. त्याच्या आकड्यांनी पहिल्यांदाच माझ्या माहेराची बाजू घेतली होती.

माहेराला मात्र तो पटला नाही. आबांनी फोनवरच उडवून लावलं. "आठ वरीसमा बॅटरी बसी जाई, तवय काय करशात? चार आण्यानी कोंबडी नी बारा आण्याना मसाला!"

आबांचा जन्म बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेला. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून ते दुखणं ओळखायचे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताशी एकच इंजिन उरलं होतं, आमचं. रविवारी गाडी अंगणात शिरली की आबा टॉर्च घेऊन हजर. मी कशी आहे हे नंतर, आधी बोनेट. ऑइलची पट्टी काढून जुन्या बनियनच्या फडक्याला पुसायची, परत घालायची, परत काढायची. गाडी चालू करायला लावून मान तिरकी करून ऐकायचं आणि म्हणायचं, "हिना गळा बसेल शे." नवरा शेजारी टॉर्च धरून गंभीरपणे मान हलवायचा. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आई होती तेव्हा ती आतून ओरडायची, "आधी पोरीला पाणी तरी विचारा!"

आई गेल्यावर हे बोनेटचं काम लांबत गेलं. पूर्वी पाच-दहा मिनिटांत व्हायचं ते जेवण गार होईपर्यंत चालायला लागलं. मी ते बघत होते आणि मला कळत होतं. आम्ही जाताना डबे न्यायचो, औषधं डबीत वारांप्रमाणे लावून द्यायचो, चादरी धुवायचो. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याचं बिघडलेलं नीट करून दिलं, त्याला आता सगळं घ्यावंच लागत होतं. देण्यासारखी जागा फक्त त्या बोनेटखाली उरली होती. आणि इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नसतं.

म्हणून मीच नवऱ्याला म्हटलं, "राहू दे. जुनीच चालवू." त्याने व्हिडिओ बघणं थांबवलं. पण जुन्या गाडीलाच आमची दया आली नाही. चैत्रातल्या एका रणरणत्या दुपारी ती एरंडोलच्या पुढे बंद पडली आणि टोचन करून न्यावी लागली. आबांना कळलं तेव्हा त्यांनी स्वतःच फोन केला. म्हणाले, "घ्या तुम्हनी नवी. मनं काय ऐकतस? मी आते कितला दिन?" फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. गाडी पुढच्याच महिन्यात आली.

पहिल्यांदा ती घेऊन धुळ्याला गेलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. आबांनी जंगी तयारी केली होती. पोर्चमध्ये चार्जिंगसाठी नवा जाडजूड प्लग बसवून घेतला होता. अंगणातली माती टायरला लागू नये म्हणून सगळ्या अंगणाला सिमेंटचा कोबा केला होता. नारळ, लिंबू, कुंकू, सगळं ताटात मांडून ते उभे होते. वर्कशॉपात दसऱ्याला इंजिनाला कुंकू लावायची त्यांची जुनी सवय. त्यांनी बोनेट उघडायला लावलं. आत काळं प्लास्टिकचं झाकण आणि काच धुवायच्या पाण्याची बाटली, एवढंच दिसत होतं. कुंकवाचं बोट हवेत धरून आबा जरा वेळ शोधत राहिले.

"हाई तं रिकामं शे," ते म्हणाले.

शेवटी त्यांनी पाण्याच्या बाटलीच्या बुचालाच कुंकू लावलं, बोनेट हळूच मिटलं आणि टॉर्च आत नेऊन फळीवर ठेवून दिला. मला त्या वेळी त्या गाडीचा, नवऱ्याचा आणि त्याच्या दीड रुपयाचा इतका राग आला की विचारू नका.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण दुष्काळात तेरावा महिना! गाडीला वायर लावली तर चार्जरवर लाल दिवा. काढली, पुन्हा लावली, पुन्हा लालच. एसी फुल करून आल्यामुळे बॅटरी निम्म्याच्याही खाली गेली होती, तेवढ्यात जळगाव गाठणं शक्य नव्हतं. नवऱ्याने पुस्तिका चाळली आणि चाचरत सांगितलं, "आबा, घराचं अर्थिंग कमी पडतंय म्हणे."

आबांचा चेहरा पडला. हे घर बांधताना अर्थिंगचा खड्डा त्यांनी स्वतः उभं राहून खणून घेतला होता. "मना घरनी वीज हिले चालत नही का?" एवढंच ते म्हणाले आणि जेवायला बसले. मी खिचडी वाढली, वर कच्चं तेल घातलं. ते नुसते चिवडत होते. नवरा मला डोळ्यांनी विचारत होता, आता काय करू? मी त्याला डोळ्यांनीच सांगितलं, तुझा हिशोब खा.

आणि घास हातात धरून आबा एकदम म्हणाले, "कोबा!"

झालं होतं असं. अर्थिंगचा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला पाइप आणि त्याच्याभोवती मीठ-कोळसा. तिथली माती ओली राहिली तरच तो काम करतो, म्हणून आबा दर उन्हाळ्यात त्यात न चुकता पाणी ओतायचे. यंदा लेक-जावई नवी गाडी घेऊन येणार, या उत्साहात त्यांनी त्या खड्ड्यावरूनच कोबा ओढून घेतला होता. वरून थेंब जायला जागा नाही आणि खाली माती वाळून ठणठणीत. पंख्याला, फ्रिजला त्याचं काही वाटलं नाही. ही नवी पाहुणी मात्र नाजूक निघाली. ज्या स्वागतासाठी एवढा खर्च केला, त्या स्वागतानेच आमचा घात केला होता.

आबांनी हात धुतले, आधी वायर काढायला लावली आणि कोपऱ्यातली पहार उचलली. मी ओरडले, "आबा, ऊन बघा बाहेर! चक्कर येऊन पडाल!" कोण ऐकतंय! नवऱ्याने पहार मागितली तर म्हणाले, "जवाईबापू, तुम्ही ऱ्हाऊ द्या, पाइप फुटी जाई." शेवटी आबा पंधरा दिवसांचा नवाकोरा कोबा फोडतायत आणि आमचा हिशोबी माणूस त्यांच्या डोक्यावर आईची फुलाफुलांची छत्री धरून उभा आहे, असं दृश्य मी दारातून पाहिलं. रागावलेली असूनही मला हसू फुटलं. खड्डा उघडा झाला. नळाला पाणी काही रोज येत नाही, तरी आबांनी पिंपातलं साठवलेलं पाणी बादली बादली त्यात ओतलं. जमीन चर्रर्र आवाज करत पीत होती. मग बराच वेळ आम्ही तिघं पोर्चमध्ये चहा पीत बसलो आणि आबांनी स्वतःच्या हाताने वायर लावली.

हिरवा दिवा लागला.

आबांनी मांडीवर थाप मारली. "इंजिन नही तं काय व्हयनं! पानी तं मीच घालसू!" गाडी भरायला रात्र लागणार होती, म्हणून त्या दिवशी आम्हाला मुक्काम करावा लागला आणि सकाळी मी धुळ्याहून थेट शाळेत गेले. वाटेत मला जाणवलं की किती तरी दिवसांनी आबा रात्री मी आग्रह न करता ताटभर जेवले होते.

तेव्हापासून त्या गाडीचं तिथलं खाणं-पिणं आबांकडे. शनिवारी फोन यायचा, "खड्डा ओला करी ठेयेल शे, या." आम्ही पोचलो की वायर तेच ओढणार, प्लग तापतो का हे तळहाताने तेच बघणार. पाहुणा जेवत असताना यजमान बसतो तसे ते गाडीजवळ खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे आणि अधूनमधून आत येऊन टक्के जाहीर करायचे. नवऱ्याने एकदा विजेचे पैसे पुढे केले तर केवढे तापले. "बापना घर येवाले पैसा लागतस का?"

पावसाळा सरला, दिवाळी झाली, थंडी पडली. अशाच एका रविवारी सकाळी जळगावात गाडीत बसले तर टक्के सत्तर. वायर भिंतीवर गुंडाळलेली. मला आठवलं, मागच्या रविवारीही असंच होतं. त्याच्या मागच्याही.

"रात्री चार्जिंगला लावली नाहीस?"

"आबांकडे करू की," तो सहज म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. पाळधी येईपर्यंत मी सगळं बोलून घेतलं. स्वतःच्या घरी मीटर फिरतं म्हणून सासऱ्याच्या मीटरवर भरतोस? पेन्शनीवरच्या माणसाच्या? किलोमीटरला दीड रुपयाही जड झाला? पतसंस्थेत छाती फुगवून सांगत असशील, मला तर फुकटच पडते! माझ्या भात्यात होते नव्हते तेवढे बाण मी सोडले. तो गाडी चालवत राहिला. एरंडोल गेलं. मी खिडकीतून कपाशीची उभी वाळलेली शेतं बघत बसले.

पारोळ्याला त्याने चहासाठी गाडी थांबवली. ग्लास माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "थंडीत एसी लागत नाही. घरून पूर्ण भरून निघालो तर जाऊन-येऊन आरामात पुरते. धुळ्यात वायर काढायचीसुद्धा गरज पडत नाही."

"मग?"

"मग आबा दिवसभर करतील काय?"

मी ग्लास खाली ठेवला. तो चहात बघत पुढे म्हणाला, "आणि त्यांच्या औषधांचे पैसे ते आपल्याला हट्टाने देतात ना, त्यात मी विजेचे वजा करून सांगतो. त्यांना वाटतं औषधं स्वस्त झाली." एवढं झाल्यावर मात्र मला त्या टपरीवर, सगळ्यांदेखत रडू आलं. मला हा माणूस फार आवडतो, आणि हे मी त्याला वर्षानुवर्षं सांगितलेलं नव्हतं. तिथे सांगितलं. तो इकडेतिकडे बघायला लागला आणि म्हणाला, "चल, उशीर होतोय."

देवपुरात पोचलो तेव्हा आबा फाटक उघडून, कानटोपी घालून उभे होते. काच खाली करायच्या आत त्यांनी विचारलं, "किती उरनी?"

नवऱ्याने तोंड पाडून सांगितलं, "अगदी थोडी, आबा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी वर्गात मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी बाई. म्हटलं, "आबा, पारोळ्यापासून जीव मुठीत धरून आलेय मी. वाटेत बंद पडली असती तर काय केलं असतं आम्ही?"

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने वायर ओढायला सुरुवात केली आणि म्हणाले, "घाबरू नको, माय. मी शे ना आठे."